ओट्सची खळ का होते?

ताई, नमस्कार. माझं वय ४८. दोन महिन्यांपूर्वी रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, सकाळचा नाश्ता बदला, ओट्स खा. त्या दिवसापासून एकही सकाळ चुकवलेली नाही. पातेल्यात ओट्स आणि गार पाणी एकदम घालतो, घट्ट होईपर्यंत ढवळत राहतो आणि खातो. साखर नको म्हणून साखर नाही, मीठ नको म्हणून मीठही नाही. खरं सांगू? खळ खाल्ल्यासारखं वाटतं. पहिले तीन घास जातात, पुढचे घशाखाली उतरत नाहीत. ओट्यापाशी उभा राहून पाण्याच्या घोटांबरोबर ढकलतो. बायको म्हणते, एवढं नकोसं होतंय तर सोडा. पण माझे वडील ५३व्या वर्षी हृदयविकाराने गेले, त्यामुळे सोडायची हिंमत होत नाही. ११ वर्षांच्या मुलीने एकदा चमचाभर तोंडात घेतलं आणि तशीच बेसिनकडे पळाली. सवय होईपर्यंत असंच रेटत राहू, की चव आणायचा काही मार्ग आहे? आणि रोज थोडं उरतंच, त्याचं काय करू?
— खळ खाणारा

तुमच्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आधी देते. रेटू नका. दोन महिने रोज खाऊनही जी गोष्ट घशात अडकते, तिची सवय होत नाही, तिचा राग बसतो. आणि एकदा राग बसला की एखाद्या सकाळी ओट्सचा डबा कपाटात मागे सरकतो आणि पुन्हा पुढे येत नाही. मला ते व्हायला नको आहे. वडिलांचं वय तुम्ही ज्या तऱ्हेने लिहिलंत, त्यावरून तुम्हालाही ते नको आहे हे कळतं.

बेचव असणं हा काही ओट्सचा गुण नाही. तुम्ही साखर सोडलीत, ठीक केलंत. पण तिच्यामागून मीठ गेलं, भाजणं गेलं, आंबट गेलं, दाताखाली येईल असं सगळं गेलं. उरलं ते पाण्यात फुगलेलं पीठ. पथ्याच्या नावाखाली तुम्ही रोज सकाळी शिक्षा भोगताय.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या वडिलांच्या छातीत दुखून त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. घरी आल्यावर चार महिने मी त्यांना असेच ओट्स करून घातले. ओट्स, पाणी, बस्स. ते एका शब्दाने कधी बोलले नाहीत. वाडगा रिकामा करायचे आणि लगेच पेलाभर पाणी प्यायचे. एक दिवस मी काहीतरी विसरले म्हणून मागे वळले, तर ते मिठाच्या बरणीत बोट बुडवून चार कण वाडग्यात सोडत होते. मला पाहताच त्यांनी हात मागे घेतला. त्यांच्यासाठी म्हणून मी एवढं करत होते, आणि त्यात त्यांच्या जिभेचा विचार एकदाही केला नव्हता. त्या दिवसापासून मी ओट्स शिजवायला शिकले. जे शिकले तेच तुम्हाला सांगते.

तुमचा ‘खळ’ हा शब्द अगदी बरोबर आहे. कागद चिकटवायची खळ कशी करतात? पीठ गार पाण्यात कालवायचं, आचेवर ठेवायचं आणि ढवळत राहायचं. पिठातल्या स्टार्चचे कण गरम पाणी पिऊन फुगतात, ढवळल्याने फुटतात, आणि आतला चिकटपणा सगळ्या पाण्यात उतरतो. तुम्ही ओट्सचं नेमकं हेच करताय. गार पाण्यापासून सुरुवात आणि घट्ट होईपर्यंत अखंड ढवळणं. तुम्हाला वाटतं आपण नीट लक्ष देऊन शिजवतोय, पण त्या लक्ष देण्यानेच पातेल्यात खळ तयार होतेय.

थोडा बुळबुळीतपणा मात्र राहणार, आणि तो राहायलाच हवा. कारण तुम्ही ज्यासाठी ओट्स खाताय ते त्यातच आहे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा तंतू असतो. पोटात गेल्यावर त्याचा दाटसर रस होतो आणि तो आतड्यातली पित्ताम्लं, म्हणजे चरबी पचवायला मदत करणारी पित्तातली आम्लं, धरून शरीराबाहेर नेतो. ती भरून काढायला यकृताला नवी पित्ताम्लं तयार करावी लागतात आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्सच्या पाकिटांवर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, ती याच तंतूमुळे. त्यात दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान हे प्रमाण धरलेलं आहे आणि एकूण आहारात संपृक्त चरबी कमी असावी अशीही अट आहे. ४० ग्रॅम कोरड्या ओट्समधून साधारण दीड ते दोन ग्रॅम मिळतं. म्हणजे सकाळचा एक छोटा वाडगा आणि संध्याकाळी आणखी थोडे, असं धरलं तर बेत जमतो. संध्याकाळचं ऐकून घाबरू नका, त्या वाडग्याची चव वेगळी असणार आहे. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर तीही चालूच ठेवायची, ओट्स तिच्या जागी नाहीत.

ओट्स कुठले आणलेत ते पत्रात नाही, पण वर्णनावरून झटपट होणारे, बारीक कुटल्यासारखे असावेत. त्यांची खळ सगळ्यात लवकर होते. चपटे अख्खे ओट्स, म्हणजे रोल्ड ओट्स, घ्या. दाणा वाफवून रुळाखाली दाबलेला असतो, पाच मिनिटांत शिजतो आणि पाकळी शाबूत राहते. दाण्याचे फक्त दोन-तीन तुकडे केलेले ओट्सही मिळतात, स्टील कट म्हणतात त्यांना. ते शिजायला पंचवीस-तीस मिनिटं घेतात, पण चावताना दाताला काम देतात. ज्यांना गिळगिळीत अजिबात चालत नाही त्यांनी एकदा तरी तेच करून पाहावेत. आणखी एक करा. घरातल्या पाकिटात नाक घालून वास घ्या. इतर धान्यांपेक्षा ओट्समध्ये तेल जास्त असतं. म्हणूनच गिरणीत त्यांना आधी वाफेची उष्णता देतात, नाहीतर ते लवकर कडवट होतात. उघडं पाकीट महिनोन् महिने गरम स्वयंपाकघरात राहिलं तरी खवट होतं. जुन्या तेलासारखा वास आला तर फेकून द्या. खवट ओट्सना कुठलीही युक्ती चव आणू शकत नाही.

आता भाजणं. बाकी काही करायला वेळ नसेल तरी एवढं कराच.

कढई मध्यम आचेवर तापवा. तेल नाही, लोणी नाही. अर्धा कप ओट्स तिच्यात टाका आणि हलक्या हाताने परतत राहा. पहिलं मिनिटभर काहीच घडत नाही. कोरड्या कागदाचे तुकडे चाळल्यासारखा मऊ आवाज येतो आणि वास येतो तो ओलसर पेंढ्याचा. दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी तो पेंढ्याचा वास मागे पडतो. मग एकदम, अगदी कोणीतरी दार उघडावं तसा, भाजलेल्या दाण्यांचा वास येतो. वाकून पाहा: पाकळ्यांच्या कडा फिकट तांबूस झालेल्या दिसतील, मधला भाग अजून पांढराच असेल. कढई हलवलीत तर आवाज बदललेला ऐकू येईल. मघाचा मऊ खसखसाट जाऊन हलका, सुका खडखड आवाज. हाच क्षण. गॅस बंद करून लगेच ताटात काढा, कारण कढईतच राहिले तर तिच्या उष्णतेने आणखी मिनिटभरात कडा कडू होतील. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. आपल्याकडे या वासाला शब्द आहे, खमंग. तुमच्या दोन महिन्यांच्या वाडग्यात नेमका तोच नव्हता.

भाजल्याने तंतू कुठे जात नाही, त्यामुळे त्याची काळजी नको. उलट पाकळीचा बाहेरचा थर थोडा कडक होतो, म्हणून पाण्यात पडल्यावर ती लगेच विरघळून जात नाही. रोज सकाळी एवढा खटाटोप होणार नसेल तर रविवारी आठवड्याचे भाजून ठेवा. पूर्ण गार होऊ द्या आणि मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. कोमट असताना भरले तर आत वाफ धरते आणि केलेलं सगळं वाया जातं.

शिजवताना कपभर पाणी आधी उकळू द्या, मग त्यात भाजलेले अर्धा कप ओट्स सोडा. आच मंद करा. पाच मिनिटांत दोन-तीनदाच तळापासून ढवळायचं, बाकी वेळ हात लांब. तुम्हाला हवंय त्यापेक्षा थोडं पातळ असतानाच गॅस बंद करा, झाकण ठेवा, दोन मिनिटं थांबा. झाकणाखाली ते घट्ट होतंच. पातेल्यातच हवं तेवढं घट्ट करायला गेलात की वाडग्यात येईपर्यंत त्याचा गोळा झालेला असतो. दूध घालायचं असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत, आणि तुमच्यासाठी कमी चरबीचं. सुरुवातीपासून नुसत्या दुधात शिजवलं तर ते तळाला लागतं आणि लागलेल्याची चव सगळीकडे पसरते. मायक्रोवेव्ह वापरत असाल तर मोठा खोल वाडगा घ्या आणि निम्म्या शक्तीवर ठेवा, नाहीतर उतू जाणार.

आणि मीठ. पाणी उकळायला लागलं की एक चिमूट, खरोखरची एक चिमूट. रक्तदाबासाठी मीठ तोडायला सांगितलं असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. एरवी एवढ्याशा मिठाने वाडगा खारट लागत नाही, तो ओट्ससारखा लागतो. स्कॉटलंडमध्ये कारब्रिज नावाचं एक लहान गाव आहे, तिथे १९९४ मध्ये ओट्सची लापशी शिजवण्याची जागतिक स्पर्धा सुरू झाली. बक्षीस म्हणून सोनेरी स्पर्टल देतात. स्पर्टल म्हणजे ढवळायची लाकडी दांडी, तिला डावासारखं पसरट टोक नसतं. मुख्य स्पर्धेत तीनच जिन्नस चालतात: ओट्स, पाणी, मीठ. दूध नाही, साखर नाही, फळ नाही, पण मीठ आहे. पिढ्यान् पिढ्या ओट्सवर वाढलेल्या लोकांनीही जी एक गोष्ट वगळली नाही, ती तुम्ही पहिल्याच दिवशी काढून टाकलीत.

पहिले तीन घास जातात आणि पुढचे जात नाहीत, हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. यात तुमचा लहरीपणा नाही. एकच चव, एकच पोत तोंडात येत राहिला की त्या पदार्थाची गोडी घासागणिक उतरत जाते, पोट भरायच्या आधीच. बार्बरा रोल्स या संशोधिकेने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर बरंच काम केलं. त्या वेळी समोर दुसऱ्या चवीचं काही ठेवलं तर माणूस ते आवडीने खातो, म्हणजे भूक संपलेली नसते, जीभ कंटाळलेली असते. तुमच्या वाडग्यात पहिला घास आणि विसावा घास यांत तिळमात्र फरक नाही, मग चौथ्या घासाला जीभ थांबते यात नवल काय?

त्यावर उपाय हाच की दोन घास सारखे होऊ द्यायचे नाहीत. बहुतेक जण इथेच चुकतात. फळं, सुका मेवा, मध, सगळं एकदम घालून कालवून टाकतात. मग पुन्हा एकच एक चव तयार होते, फक्त आधीपेक्षा गोड. कालवू नका. वाडग्याच्या एका कडेला किसलेलं सफरचंद ठेवा, कच्चं, गार, सालीसकट. दुसऱ्या कडेला भाजून जाडसर मोडलेले आक्रोड किंवा बदाम. मध्ये चमचाभर गार दही. मग चमचा जिथे जाईल तिथे घास वेगळा येतो. एकदा कुरकुरीत, एकदा आंबट, एकदा नुसते खमंग गरम ओट्स, आणि मग सफरचंदाचा रस दातांत फुटतो. गरमावर गार पडलेलं जिभेला फार बरं वाटतं. आक्रोड-बदाम मूठभरच घ्या, पण घ्या जरूर. ते तुमच्या कोलेस्टेरॉलच्या बाजूचे आहेत. लोणी आणि साय मात्र तुमच्या वाडग्यात नको.

आंबटाचा लोकांना विसर पडतो, म्हणून वेगळं सांगते. ओट्सची मूळ चव गोडसर, मऊ आणि काहीशी सपाट आहे. तिच्यात नुसतं गोड घातलं तर ती आणखी सपाट होते. आंबट तिला उठाव देतं. बेरी, संत्र्याच्या फोडी, लिंबाच्या सालीचा थोडा कीस, दही, यांपैकी एक काहीतरी रोज असू द्या. गोठवलेल्या बेरी असतील तर शिजतानाच शेवटच्या मिनिटाला टाका, त्या फुटून लालजांभळ्या रेघा उमटतात. बेचव वाडग्याकडे दोन महिने पाहिलेल्या माणसाला तो रंग पाहूनच हुरूप येईल.

गोड हवंच असेल तर खजुराचे बारीक तुकडे किंवा मनुका पाण्याबरोबर शिजू द्या. पिकलेलं अर्धं केळं कुस्करून घातलं तर साखरेची गरजच राहत नाही, दालचिनीची पूड असेल तर तिनेही गोडीचा भास होतो. साखर किंवा मध अगदी वर्ज्य मानू नका, पण एक चहाचा चमचाच, आणि तो वरून शिंपडायचा. आत विरघळवलेली चमचाभर साखर कुठे जाते ते कळत नाही, तीच वरून घातली तर जिभेला थेट भेटते आणि तेवढ्यात समाधान होतं. चवीची तयार पाकिटं मिळतात ती मी घरात आणत नाही. त्यात साखर बरीच असते, ओट्स बारीक असतात आणि आठवड्याभरात त्या कृत्रिम वासाचाही कंटाळा येतो.

आता संध्याकाळचा वाडगा. मला मनापासून आवडतो तो हाच, आणि तुमच्यासारख्या बेचव वाडग्याला कंटाळलेल्या माणसाने खरं तर इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. ओट्स म्हणजे गोडच, हे आपण कधी ठरवलं कोण जाणे. ते एक धान्य आहे. बाकीची धान्यं आपण तिखटमिठाबरोबर खातोच ना?

चमचाभर तेल तापवा. त्यात ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या आणि चिरलेली मश्रूम घाला. मश्रूमला आधी पाणी सुटेल. घाई करू नका, ते सगळं आटू द्या, आणि मश्रूमच्या कडा तपकिरी होईपर्यंत थांबा. चव त्या तपकिरी कडांत आहे. मग भाजलेले ओट्स घालून एकदा परता म्हणजे प्रत्येक पाकळीला तेलाचं बोट लागेल. त्यावर कपभर उकळतं पाणी, किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी असेल तर फारच छान. मीठ, भरपूर ताजी मिरपूड, चार मिनिटं मंद आच. शेवटी मूठभर पालक चिरून टाका, तो नुसत्या वाफेवर मऊ होतो. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा. अंडं खात असाल तर उकळत्या पाण्यात सात मिनिटं ठेवलेलं अंडं सोलून वर मोडा. आतलं मऊ पिवळं ओट्सवर ओघळतं आणि त्याचीच जाड चव सगळ्या वाडग्याला येते. पालकाच्या जागी वाटाणे, मश्रूमच्या जागी टोमॅटो किंवा सिमला मिरची, घरात असेल ते चालतं. पण आधी भाजी तेलात नीट तांबूस झालीच पाहिजे. कच्ची भाजी ओट्सबरोबर उकळली तर पुन्हा आजाऱ्याचं जेवण होईल. या पदार्थाला स्टील कट ओट्स सगळ्यात चांगले. ते रात्री चौपट पाण्यात एक उकळी आणून, झाकून ठेवायचे आणि गार झाले की फ्रिजमध्ये सरकवायचे. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत शिजतात.

सकाळी घाई असते का तुमच्याकडे? मग एक-दोन दिवस न शिजवताच खा. रोल्ड ओट्स आणि तेवढंच दूध, दोन चमचे दही, चिमूट मीठ, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. पाकळी भिजून मऊ होते पण स्टार्च उष्णतेने फुगत नाही, त्यामुळे खळीचा प्रश्नच येत नाही. झुरिकमध्ये मॅक्सिमिलियन बिर्शर-बेन्नर नावाचे डॉक्टर होते. साधारण १९००च्या सुमारास त्यांनी आपल्या रुग्णांसाठी म्युस्ली तयार केली ती याच जातीची: भिजवलेले ओट्स, किसलेलं सफरचंद, लिंबाचा रस, सुका मेवा. त्यात सफरचंद मुख्य होतं आणि ओट्स चमचाभर. हल्लीच्या डब्यांत नेमकं उलट असतं. तुम्हीही सफरचंद सढळ हाताने घाला, खाण्याच्या वेळी किसून.

मुलीला ओट्स खायला सांगू नका. ‘बाबांच्या तब्येतीचं’ असं तर तिच्यासमोर म्हणूच नका. तिच्या आठवणीत ओट्स म्हणजे तो एक चमचा आहे आणि बाबांच्या चेहऱ्यावर रोज दिसणारं संकट आहे. सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर ओट्सच्या वड्या भाजा. दोन पिकलेली केळी कुस्करायचं काम तिला द्या. त्यात एक अंडं, दीड कप दूध, दोन कप रोल्ड ओट्स, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ आणि मनुका घालून कालवा. तेलाचा हात फिरवलेल्या ट्रेमध्ये ओतून ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर पस्तीस-चाळीस मिनिटं ठेवा. वरून तांबूस, आतून ओलसर, सुरीने कापता येतं. तिने कडेचा कुरकुरीत तुकडा आधी मागितला तर द्या.

एक विनंती, ओट्यापाशी उभं राहून खाणं बंद करा. तुम्ही उभे राहता ते लवकर संपवायचं म्हणून, आणि पाण्याबरोबर गिळता म्हणजे चावतच नाही. भाजलेले ओट्स चावल्याशिवाय त्यांचा खमंगपणा कळणार नाही. खुर्चीवर बसा, बायकोलाही बसवा, तिला तिच्या आवडीचं वर घालू द्या. पाणी दिवसभरात भरपूर प्या, तंतू वाढला की ते लागतंच, फक्त घासाला घोट असं नको. संध्याकाळचा वाडगा सुरू कराल तेव्हा पहिला आठवडा अर्धाच घ्या, नाहीतर पोटात वारा धरतो.

राहता राहिलं उरलेलं. एक तर मोजून घेतलंत, माणशी अर्धा कप, तर फारसं उरणार नाही. तुम्ही डब्यातून अंदाजाने ओतत असणार, आणि कोरडे ओट्स दिसतात त्याच्या दुप्पट होतात. तरी उरलंच तर फेकू नका. फ्रिजमध्ये ठेवलेला वाडगा दुसऱ्या दिवशी दगडासारखा दिसतो, पण चार चमचे पाणी किंवा दूध घालून मंद आचेवर मोडत गेलात की पुन्हा सैल होतो. आणि मुद्दाम घट्ट होऊ द्यायचा असेल तर गरम असतानाच चपट्या डब्यात बोटभर जाडीचा थापा, गार झाला की फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी सुरीने फोडी कापा, तव्यावर अर्धा चमचा तेल सोडून मध्यम आचेवर ठेवा आणि पाच मिनिटं अजिबात हलवू नका. कडा आपोआप तव्यापासून सुटतात तेव्हाच उलटायच्या. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, वर मिरपूड आणि लिंबू. माझे वडील या फोडींसाठी रात्रीचे ओट्स मुद्दाम थोडे जास्त करायला सांगायचे.